इमारत गेली, खड्डा राहिला

शहराच्या ऐन मध्यभागी पत्र्याचं उंच कुंपण असतं. त्यावर भलंमोठं चित्र: काचेचा टॉवर, पायथ्याशी झाडं, हसत चाललेली माणसं आणि खाली 'लवकरच येत आहे'. चित्र नवं असतं तेव्हा रंग झगझगीत असतात. चार-पाच उन्हाळे गेले की त्यातला पिवळा आणि लाल उडतो आणि हसणारी सगळी माणसं निळी पडतात. पत्र्याच्या फटीतून आत डोकावलं, तर साचलेलं हिरवं पाणी, कमरेएवढं गवत आणि पायातून वर आलेल्या गंजक्या सळया. तिथे आधी काय होतं हे नव्या पिढीला माहीत नसतं. जुन्यांना आठवतं: नाट्यगृह, मोठं दुकान, एखादं हॉटेल. दगडी कमान होती, लाकडी जिना होता.

अशा जागेसमोरून जाताना प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न येतो: बांधायला पैसे नव्हते, तर पाडलं कशाला?

प्रश्न साधा आहे, पण 'बिल्डर लबाड होता' एवढ्यावर तो सुटत नाही. लबाडी कधी असते, कधी नसते. अगदी सरळ हेतूने काम करणाऱ्या विकासकाच्या हातूनही असा खड्डा पडू शकतो, कारण मुळात क्रमच उलटा आहे. जी गोष्ट परत आणता येत नाही ती सगळ्यात आधी होते, आणि जिचा भरवसा सगळ्यात कमी, ती सगळ्यात शेवटी.

पाडकाम इतकं आधी का उरकतात?

मोठ्या प्रकल्पाची वाट साधारण अशी असते. आधी जागा घ्यायची, बहुतेकदा एकेक करत आजूबाजूचे तुकडे जोडून. मग आराखडा, मग परवानग्या. मग भाडेकरू किंवा गिऱ्हाईक आगाऊ मिळवायचे. त्यानंतर बँकेकडून बांधकाम कर्ज. हे कर्ज एकरकमी हातात पडत नाही. जसजसं काम वर चढतं तसतसे हप्त्याहप्त्याने पैसे सुटतात, आणि पहिला हप्ता सोडण्याआधी बँक विचारते: इतकी जागा आधीच कोणी घेतली आहे का? तुमचा स्वतःचा पैसा किती? जागा मोकळी आहे का?

मेख आहे ती या शेवटच्या प्रश्नात. बँकेला मोकळी जागा आवडते, कारण जुन्या इमारतीत काय दडलंय ते सांगता येत नाही. भिंतीत अ‍ॅस्बेस्टॉससारखा आरोग्याला घातक माल निघेल, तळघरात पाणी निघेल, एखादा भाडेकरू कोर्टात जाईल, एखादी समिती 'ही वारसा वास्तू आहे' म्हणून उभी राहील. इमारत पाडली की यातल्या बऱ्याच कटकटी एका फटक्यात मिटतात. शिवाय मातीची तपासणी नीट करता येते. आणि एकूण प्रकल्पाच्या मानाने पाडकामाचा खर्च अगदीच किरकोळ.

म्हणजे विकासकाच्या बाजूने पाहिलं तर पाडणं ही स्वस्तात मिळणारी प्रगती आहे. गुंतवणूकदाराला दाखवायला फोटो मिळतो, 'काम सुरू झालं' असं सांगता येतं. इमारत उभी असेपर्यंत तिच्या बाजूने बोलणारे लोक असतात. ती पडली की बोलायला काही उरतच नाही.

घरातलं उदाहरण घ्या. नवं कपाट करायचं म्हणून जुनं मोडीत काढलं, कपडे पलंगावर टाकले, आणि मग सुतार म्हणाला की लाकूड महागलंय, पुढच्या वर्षी बघू. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं ते हेच. फरक इतकाच की कपाटाचा त्रास घरच्यांना होतो. खड्ड्याचा त्रास मालकाला सगळ्यात कमी आणि शेजारच्या दुकानदाराला सगळ्यात जास्त होतो.

नफा हवेत कसा विरतो: थोडं गणित

समजा, एका टॉवरच्या बांधकामाला १०० एकक खर्च येणार आहे, जागेला ३० गेले आहेत आणि इमारत पुरी झाल्यावर १४५ ला विकली जाईल असा अंदाज आहे. म्हणजे हातात राहतात १५. काम तीन वर्षं चालणार. या १३० वरचं व्याज सुरुवातीच्या दराने खर्चात धरलेलंच आहे.

आता व्याजाचा दर ६ टक्के-बिंदूंनी वर गेला, म्हणजे दर शंभरामागे वर्षाला ६ जास्त. जागेचे ३० तर पहिल्या दिवसापासून अडकलेले, त्यांच्यावर तीन वर्षांचं जादा व्याज सुमारे साडेपाच. बांधकामाचे १०० हळूहळू खर्च होतात, म्हणून सरासरी ५० वर तीन वर्षं धरू. ते झाले ९. बेरीज साडेचौदा. पंधरातून साडेचौदा गेले. सिमेंट महागलं नाही, कामगार पळाले नाहीत, कोणी पैसे खाल्ले नाहीत, तरी प्रकल्प कागदावरच मेला.

हे गणित नुसतं कल्पनेतलं नाही. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा दर शून्याच्या आसपास होता. जुलै २०२३ मध्ये तो ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर पोचला. त्याच काळात घरून काम करण्याच्या सवयीमुळे ऑफिसांना मागणी घटली. युरोपातही दर चढले, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑस्ट्रियाच्या सिग्ना या बड्या मालमत्ता समूहाने दिवाळखोरीचा अर्ज केला. हॅम्बर्गमधला त्यांचा २४५ मीटरचा एल्ब टॉवर सुमारे १०० मीटरवर थबकला. म्युनिकच्या भर बाजारपेठेतली, सोळाव्या शतकात मूळ असलेली 'आल्टे अकाडेमी' ही वास्तू अर्धवट कामाच्या मचाणांमागे अडकली. २००८ च्या मंदीतही हेच घडलं होतं. शिकागोत २,००० फूट उंच होणार असलेल्या 'स्पायर' टॉवरच्या जागी सुमारे २३ मीटर खोल गोल खड्डा तेवढा राहिला, तोही वर्षानुवर्षं.

शिकागोच्या त्या जागेवर निदान जुनं असं काही पाडलं नव्हतं. बॉस्टनमध्ये पाडलं होतं.

बॉस्टनचा खड्डा

बॉस्टनच्या मध्यवस्तीत फायलीन्स नावाचं नामांकित मोठं दुकान होतं. मुख्य इमारत १९१२ ची, वास्तुकार डॅनियल बर्नहॅम. तळघरातलं सवलतीचं दुकान तर शहराच्या दंतकथेतलं. दोन साखळ्यांच्या विलीनीकरणानंतर २००६ मध्ये वरचं दुकान बंद झालं. योजना मोठी होती: मुख्य इमारत राखायची, त्याच चौकातल्या बाजूच्या इमारती पाडायच्या आणि तिथे टॉवर उभा करायचा. पाडकाम झालं, खोदाई झाली, आणि २००८ मध्ये पैशाचा नळ बंद झाला.

राखायची म्हणून ठेवलेली इमारत आता खड्ड्याच्या काठावर रिकामी उभी होती. आजूबाजूची गिऱ्हाइकी आटली. रोज हजारो लोक जिथून जायचे तिथे कुंपणाला वळसा घालून जावं लागे. एखादी गल्ली बंद करणं वेगळं. हे तर शहराच्या काळजातच भोक पडलेलं.

२०१० मध्ये गोष्टीला एक वळण मिळालं. प्रकल्पातल्या भागीदार कंपनीचे प्रमुख स्टीव्हन रॉथ कोलंबिया विद्यापीठात बोलत होते. न्यूयॉर्कमधली आपली दुसरी एक जागा बरीच वर्षं पडीक का ठेवली, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. आशय असा: जागा जितकी ओंगळ दिसेल तितकी सरकारला ती सुधारण्याची घाई होईल आणि तितकी जास्त मदत मिळेल. बॉस्टनचे महापौर टॉमस मेनिनो हे ऐकून भडकले, आणि पुढे शहराने त्या प्रकल्पाच्या परवानग्या मागे घेतल्या. जागा नव्या हातात गेली, २०१३ मध्ये पुन्हा काम सुरू झालं आणि २०१६ मध्ये ६० मजली टॉवर पुरा झाला. बर्नहॅमची इमारतही दुरुस्त झाली. शेवट गोड म्हणायचा. पण मधल्या पाच वर्षांत ज्या छोट्या दुकानांनी शटर कायमचं ओढलं, त्यांच्यापर्यंत हा गोडवा पोचला नाही.

मग जागा विकून मोकळे का होत नाहीत?

कारण रिकामी जागा म्हणजे रक्कम न लिहिलेला चेक. आज त्यावर आकडा टाकला की तो कायमचा. उद्यावर ठेवला तर उद्याचा आकडा मोठा असू शकतो. अर्थतज्ज्ञ शेरिडन टिटमन यांनी १९८५ मध्ये हाच मुद्दा गणिताने मांडला: भविष्याची अनिश्चितता जितकी जास्त, तितकी रिकामी जागा न बांधता धरून ठेवण्याची किंमत जास्त. आपल्याला जो आळस वाटतो तो मालकाच्या वहीत शहाणपणा असतो.

त्यात भर म्हणजे जुना भाव. तेजीत चढ्या दराने घेतलेली जागा मंदीत विकायची तर तोटा कागदावर मान्य करावा लागतो. तो मालकाला नको असतो आणि त्याला कर्ज देणाऱ्या बँकेला त्याहून नको असतो. म्हणून दोघं मिळून थांबतात.

तिसरं कारण कराचं आहे आणि त्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. पुष्कळ शहरांत मालमत्ता कर जमीन आणि इमारत मिळून लागतो. इमारत पाडली की कर उतरतो. वर दोन-चारशे गाड्या उभ्या करायची सोय केली की महिन्याला थोडीफार आवकही सुरू. म्हणजे नीट राखलेल्या जुन्या इमारतीवर जास्त कर आणि भुईसपाट केलेल्या जागेवर कमी! अमेरिकेतल्या कित्येक शहरांच्या मध्यवस्तीत गाड्यांची मैदानं इतकी का, याचं थोडं उत्तर इथे सापडतं.

"पण ती इमारत पडायलाच आली होती"

हा आक्षेप हमखास येतो, आणि बऱ्याचदा खराही असतो. पण ती पडायला कशी आली, हेही विचारायला हवं. छपराची एक गळती दुरुस्त केली नाही तर दोन पावसाळ्यांत तुळई कुजते, पाचांत मजला. काचा फुटल्या की कबुतरं येतात, कबुतरांमागून तांब्याच्या तारा चोरणारे येतात. मालकाला हातोडा उचलावाही लागत नाही. दुर्लक्षाने पाडणं हा पाडकामाचाच एक प्रकार, फक्त त्याला परवानगी लागत नाही.

अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात या आक्षेपाची जणू परीक्षाच झाली. वुडवर्ड मार्गावर हडसन्स हे पंचवीसहून जास्त मजल्यांचं अवाढव्य दुकान होतं. १९८३ मध्ये ते बंद पडलं. पंधरा वर्षं इमारत तशीच सडली आणि २४ ऑक्टोबर १९९८ ला सुरुंग लावून पाडली. ती जागी बसली तेव्हा धुळीच्या लोटाने आजूबाजूचे रस्ते दिसेनासे झाले. पाडताना सांगितलं गेलं की आता इथे विकास येईल. जमिनीखाली गाड्यांसाठी तळ बांधला, आणि पुढे त्यावर इमारत येणार म्हणून लोखंडी खांबांचे बुंधे जमिनीवर काढून ठेवले. ते बुंधे तसेच उभे राहिले. नव्या इमारतीचं भूमिपूजन झालं डिसेंबर २०१७ मध्ये. एकोणीस वर्षांनी.

त्याच शहरातलं मिशिगन सेंट्रल हे जुनं रेल्वे स्थानक १९८८ मध्ये बंद झालं. तेही सडलं, आणि हडसन्सपेक्षा जास्त काळ सडलं. २००९ मध्ये तर नगर परिषदेने ते पाडण्याचा ठरावही केला. तो अमलात आला नाही. २०१८ मध्ये फोर्ड कंपनीने इमारत घेतली आणि जून २०२४ मध्ये ती पुन्हा लोकांसाठी उघडली. १९८४ मध्ये बंद झालेलं बुक-कॅडिलॅक हॉटेलही २००८ मध्ये असंच पुन्हा सुरू झालं.

तिन्ही इमारतींना कधी ना कधी 'हिचं आता काही होणार नाही' असं म्हटलं गेलं. दोन उभ्या होत्या म्हणून त्यांचं काही होऊ शकलं.

"यादीत नाव होतं ना?"

वारसा यादी म्हणजे चिलखत, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ती नगरपालिकेच्या ठरावाची गोष्ट आहे, आणि एका ठरावाने दिलेलं दुसऱ्या ठरावाने काढूनही घेता येतं.

शिकागोच्या मध्यवस्तीत 'ब्लॉक ३७' नावाचा एक अख्खा चौक आहे. तिथली मॅकार्थी इमारत १८७२ ची, म्हणजे शहर जाळून टाकणाऱ्या १८७१ च्या आगीनंतर लगेच उभी राहिलेली. १९८४ मध्ये तिला संरक्षण मिळालं. चौकाच्या पुनर्विकासाची योजना आली आणि १९८७ मध्ये नगर परिषदेने ते काढून घेतलं. वारसाप्रेमी कोर्टात गेले, हरले. इमारत पडली. एक वीज उपकेंद्र सोडलं तर अख्खा चौक साफ झाला.

मग? मग काही नाही. बाजारभाव कोसळले, योजना बदलत गेल्या. हिवाळ्यात तिथे बर्फावर घसरायचं मैदान, उन्हाळ्यात मुलांसाठी चित्रकलेचे तंबू. छान चाललं होतं, खरं सांगायचं तर त्या चौकाचा तेवढाच काळ लोकांना प्रेमाने आठवतो. नवा मॉल उघडला २००९ मध्ये.

यादीला खरं बळ कायद्यातून येतं. न्यूयॉर्कचं १९१० चं पेन स्टेशन १९६३ पासून पाडलं गेलं, तेव्हा शहरापाशी ते अडवणारा कायदाच नव्हता. त्याचे ग्रॅनाइटचे खांब शेजारच्या न्यू जर्सीतल्या दलदलीत भराव म्हणून टाकले गेले. त्या धक्क्यातून १९६५ चा वारसा कायदा आला. पुढे ग्रँड सेंट्रल स्थानकाच्या डोक्यावर टॉवर बांधायला शहराने नकार दिला, तेव्हा मालक रेल्वे कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९७८ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी शहर जिंकलं.

त्या निकालात एक गोष्ट महत्त्वाची ठरली: हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर. तुमच्या जागेवर जितकं बांधता आलं असतं, पण वारशामुळे बांधता येत नाही, तेवढं बांधकाम करण्याचा हक्क जवळच्या दुसऱ्या जागेसाठी वापरा किंवा विका. रेल्वेचं आरक्षित तिकीट दुसऱ्याच्या नावावर करता यावं, तसं. यामुळे 'वारशाचा भुर्दंड एकट्या मालकानेच का सोसायचा' या तक्रारीची धार बरीच कमी होते. पूर्ण जात नाही. टीडीआर घ्यायला कोणी तयार असेल तरच त्याला किंमत, आणि मंदीत तो घेणार कोण?

"सुटी करून ठेवू, नंतर पुन्हा उभारू"

ही सगळ्यात गोंडस तडजोड. प्रत्येक भागावर क्रमांक टाकायचे, उतरवून गोदामात ठेवायचे आणि नव्या इमारतीत बसवायचे. ऐकायला उत्तम. आता न्यूयॉर्कमध्ये काय झालं ते ऐका.

जेम्स बोगार्डस हा ओतीव लोखंडाच्या इमारतींचा आद्य कारागीर. मॅनहॅटनमध्ये त्याने १८४९ च्या सुमारास उभारलेली एक दुकानांची इमारत पुनर्विकासाच्या आड आली. तिचा लोखंडी दर्शनी भाग १९७१ मध्ये काळजीपूर्वक सुटा केला आणि जवळच्याच एका रिकाम्या जागेत रचून ठेवला. नवं बांधकाम लांबलं. १९७४ मध्ये लक्षात आलं की भंगारचोर ट्रक आणून तुकडे नेत आहेत. बराचसा भाग फोडून भंगारात विकला गेला होता. उरलेलं दुसरीकडे हलवलं, आणि काही वर्षांत तेही नाहीसं झालं. एका शहराने आपली अख्खी इमारत चोरीला गेल्याची नोंद करायची, असा हा प्रसंग.

ब्रुसेल्समध्ये वास्तुकार व्हिक्टर होर्ताने बांधलेलं 'मेझाँ द्यू पप्ल', म्हणजे लोकांचं घर, १८९९ मध्ये उघडलं होतं. १९६५ मध्ये ते पाडलं तेव्हाही भाग जपून ठेवायचे असं ठरलं. ते इकडून तिकडे फिरले, गंजले, विखुरले. त्यातले काही पुढे अँटवर्पमधल्या एका कॅफेत जाऊन बसले. पॅरिसच्या मध्यवर्ती मंडईचे लोखंडी मांडव १९७१ पासून पाडले गेले. त्यातला एक पॅरिसजवळच्या नोजाँ-स्यूर-मार्न इथे हलवला म्हणून आज तो बघता तरी येतो. मंडईच्या जागी १९७९ पर्यंत एवढा मोठा खड्डा होता की त्यात एका विडंबनपटाचं चित्रीकरण झालं.

शिकागोचं उदाहरण सगळ्यात जिव्हारी लागणारं. अ‍ॅडलर आणि सलिव्हन या वास्तुकारांनी बांधलेली १८९४ ची शेअर बाजाराची इमारत पाडली जात असताना रिचर्ड निकेल नावाचा छायाचित्रकार तिची नक्षी वाचवायला एकटाच आत जायचा. एप्रिल १९७२ मध्ये इमारतीचा भाग त्याच्या अंगावर कोसळला. मृतदेह मिळायला चार आठवडे लागले. त्या इमारतीचं सौदे चालायचं दालन आज शिकागोच्या कला संग्रहालयात पुन्हा उभं केलेलं आहे आणि प्रवेशाची कमान बाहेर हिरवळीवर. सुंदर आहे ती कमान. मात्र तिच्यातून आत शिरलं की पलीकडेही हिरवळच लागते.

"शहर म्हणजे काही संग्रहालय नव्हे"

मान्य. शंभर टक्के मान्य. जुनं ते सगळं सोनं नसतं, आणि काही इमारती खरोखर जाव्यात अशाच असतात. घरं हवीत, दवाखाने हवेत, मध्यवस्तीत गर्दी पेलणाऱ्या उंच इमारतीही हव्यात. वारशाचं नाव पुढे करून आपल्या खिडकीतला देखावा वाचवणारे लोकही असतात, हेही सांगून टाकलेलं बरं.

पण एम्पायर स्टेट इमारत बघा. ती उभी आहे मूळच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलच्या जागेवर. तेही दिमाखदार होतं. १९२९ च्या शरद ऋतूत ते पाडायला घेतलं, १७ मार्च १९३० ला नव्या इमारतीचं काम सुरू झालं आणि १ मे १९३१ ला ती उघडलीसुद्धा. मधेच शेअर बाजार कोसळला होता! भाडेकरू इतके थोडे मिळाले की लोक तिला 'एम्प्टी स्टेट', म्हणजे रिकामं राज्य, म्हणून चिडवायचे. तरी इमारत पुरी झाली, कारण पाडणाऱ्यांकडे पैसा आणि इच्छा दोन्ही हजर होतं. हॉटेल गेल्याचं दुःख कोणाला झालं असेल तर त्याला निदान बदल्यात काय मिळालं ते दिसत होतं.

शहराची फसगत होते ती बदल्यात काहीच न मिळता.

दुसरं, जुन्या इमारतींचं एक काम पटकन दिसत नाही. नव्या इमारतीचं भाडं चढं असतं, कारण तिचं कर्ज फिटायचं असतं. नवखा शिंपी, छोटा छापखाना, नाटकाची तालीम करणारी मंडळी यांना ते परवडत नाही. शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्स यांनी १९६१ मध्येच हे दाखवून दिलं होतं: धाडसी नव्या उद्योगांना स्वस्त जुनी जागा लागते. शिवाय जुन्या भिंतींत खर्ची पडलेली ऊर्जा आहे. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे ८ टक्के धरला जातो. अमेरिकेतल्या वारसा जतन संस्थेच्या २०११ च्या अभ्यासानुसार नव्या, वीज वाचवणाऱ्या इमारतीला बांधकामात झालेलं हवामानाचं नुकसान भरून काढायला १० ते ८० वर्षं लागू शकतात. आणि खड्डा? तो तर काहीच भरून काढत नाही.

क्रम बदलायचा कसा?

सरळ उपाय: पाडण्याची परवानगी बांधण्याच्या तयारीला बांधून टाकायची. दोन कागद वेगळे द्यायचेच नाहीत. कर्ज मंजूर झाल्याचा पुरावा आणि ठेकेदाराशी झालेला करार दाखवा, मग हातोडा उचला. इंग्लंडच्या राष्ट्रीय नियोजन धोरणात २०१२ पासून याच अर्थाचं कलम आहे: वारसा वास्तू गेल्यानंतर नवं काम खरोखर पुढे जाईल याची वाजवी काळजी घेतल्याशिवाय तिच्या पाडकामाला स्थानिक संस्थांनी परवानगी देऊ नये.

यावर विकासकांची तक्रार तयार असते: एवढ्या अटी घातल्या तर इथे गुंतवणूक कोण करणार? यात थोडं तथ्य आहे. बँक म्हणते जागा मोकळी करा मग पैसे, पालिका म्हणते पैसे दाखवा मग जागा मोकळी करा. दोघांच्या मधे माणूस अडकतो. पण ही गाठ सुटणारी आहे. बँक सशर्त मंजुरी देऊ शकते, आणि पाडकाम ही अट पुरी झाल्यावर पहिला हप्ता सुटू शकतो. ज्याला अशी सशर्त मंजुरीसुद्धा मिळत नाही, त्याच्या प्रकल्पाबद्दल बँकेनेच आपल्याला काहीतरी सांगितलेलं असतं.

दुसरा उपाय अनामत रकमेचा. काम मुदतीत उभं राहिलं नाही तर त्या पैशातून शहराने जागा निदान वापरण्याजोगी करायची. इंग्लंडच्या ब्रॅडफर्ड शहरात २००८ नंतर रखडलेल्या मॉलच्या खड्ड्याशेजारी तात्पुरती बाग केली होती. मॉल उघडला २०१५ मध्ये. अशा तात्पुरत्या वापराने शेजारच्या दुकानांचा जीव तगतो.

तिसरा उपाय कराचा: इमारतीपेक्षा जमिनीवर जास्त कर लावायचा, म्हणजे रिकामी जागा धरून ठेवणं परवडेनासं होईल. पिट्सबर्गमध्ये १९१३ पासून २००१ पर्यंत अशी पद्धत होती. मात्र इथे सावध राहायला हवं. मध्यवस्तीतली जमीन महाग, आणि तिच्यावरची दोन मजली जुनी इमारत कमी उत्पन्नाची. नुसता जमिनीचा कर वाढवला तर तीच आधी पाडली जाईल. वारसा वास्तूंना सूट दिल्याशिवाय हा उपाय उलटतो.

आणि दंड? बेकायदा पाडणाऱ्याला दंड हा बऱ्याचदा नुसता खर्चाचा एक रकाना ठरतो. वेगळं काही करता येतं हे लंडनमध्ये दिसलं. कार्लटन टॅव्हर्न हे १९२० च्या सुमाराचं मद्यगृह. सरकारी यादीत घेण्याचा विचार चालू असतानाच एप्रिल २०१५ मध्ये मालकाने परवानगीशिवाय ते जमीनदोस्त केलं. वेस्टमिन्स्टर पालिकेने हुकूम दिला: जसं होतं तसं, विटेला वीट लावून पुन्हा बांधा. एप्रिल २०२१ मध्ये ते पुन्हा उघडलं. हे जमलं कारण कुणकुण लागलेल्या रहिवाशांनी आधीच धावपळ केली होती. वारसा खात्याच्या लोकांनी इमारतीची सविस्तर नोंद केली होती, फरशांचे साचेसुद्धा घेऊन ठेवले होते. पुन्हा तसंच बांधायचं तर 'तसंच' म्हणजे नेमकं कसं, याचा पुरावा हाताशी होता.

म्हणून तुमच्या रोजच्या वाटेवरच्या एखाद्या जुन्या इमारतीला पत्रे लागले, तर पालिकेत जाऊन तीन गोष्टी विचारा. नव्या बांधकामाची परवानगी मिळाली आहे का, की नुसतीच पाडायची? कर्ज मंजूर झालं आहे का? काम थांबलं तर जागेचं काय करायचं, हे कुठे लिहून घेतलं आहे का? तिन्हींचं उत्तर 'प्रक्रिया सुरू आहे' असं आलं, तर पत्रे पूर्ण लागण्याआधी आत जायची रीतसर परवानगी मागा आणि टेप घेऊन जा. जिन्याच्या कठड्याची उंची, कमानीची रुंदी, फरशीचा एक साचा. फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेवा.